चांगला आवाज, पण कुणाच्या कानाला?



'रेडिओचा आवाज चांगला हवा' या वाक्याला कुणी विरोध करील असं वाटत नाही. पण चांगला म्हणजे कसा, कोणत्या फोनवर चांगला, आणि त्या चांगलेपणाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, असं विचारलं की बैठकीत शांतता पसरते. "हा तांत्रिक भाग आहे, तज्ज्ञांवर सोपवू," असं कुणीतरी म्हणतं आणि विषय पुढे सरकतो. स्त्री चळवळीत इतकी वर्षं काढल्यावर आपल्याला एवढं तरी कळायला हवं की, 'तांत्रिक' म्हणून जे बाजूला काढलं जातं तिथेच पुष्कळदा कुणाला काय मिळणार याचा निर्णय होऊन जातो. गर्भनिरोधकांच्या बाबतीत आपण हे अनुभवलं, धरणांच्या बाबतीत अनुभवलं. आता रेडिओच्या बाबतीत तेच होऊ घातलं आहे, म्हणून हा लेख.

मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांमधल्या बायांबरोबर काम करते. गेलं वर्षभर आमच्या गटात एका छोट्या इंटरनेट रेडिओचा विचार चालू आहे. बायांनी बायांसाठी चालवायचा, रोज तासाभराचा कार्यक्रम. वनहक्काचे दावे, रेशन, जातीचे दाखले, दवाखाना, मारहाण झाली तर कुठे जायचं, आणि अर्थातच गाणी.

एफएम का नाही, असं काही जणी विचारतील. १९९५ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आकाशातले ध्वनितरंग ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येऊ लागला तो २००६ च्या धोरणानंतर. तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूर गावात दलित बायांचा 'संगम रेडिओ' आहे. त्यांची यंत्रं आणि त्यांच्या ध्वनिफिती कितीतरी वर्षं आधी तयार होत्या, पण प्रक्षेपण सुरू व्हायला १५ ऑक्टोबर २००८ उजाडावा लागला. आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग'ही २००८ मध्येच सुरू झाला. या दोन्ही ठिकाणांबद्दल मला आदर आहे. पण एफएमचा छोटा मनोरा काही किलोमीटर जातो, डोंगर आडवा आला की थांबतो, आणि त्यावर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आमच्या बाया तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जिल्ह्याबाहेर जातात, लेकी लग्न होऊन लांब जातात. इंटरनेटला एफएमसारखा तरंगांचा परवाना लागत नाही आणि भट्टीवरही तो पोचू शकतो. म्हणून इंटरनेट.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मतभेद सुरू झाला तो आवाजाच्या दर्जावरून.

सल्ला आणि त्यामागचा कान

आम्हाला मदत करू पाहणाऱ्या एका संस्थेने सल्लागार पाठवला. त्याने अहवाल दिला : १२८ किलोबिट, स्टिरिओ, एमपी-थ्री. "याच्या खाली गेलात तर हौशी वाटाल," हे त्याचं कारण.

किलोबिट म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. आवाज इंटरनेटवरून जाताना आकड्यांच्या रूपात जातो. दर सेकंदाला किती आकडे पाठवायचे याचं हे माप. नळाची धार जाड ठेवायची की बारीक, तसंच. धार जाड असली की आवाजातले बारकावे जास्त पोचतात, पण पाणीही जास्त लागतं. हे पाणी म्हणजे ऐकणारीच्या फोनमधला डेटा. आमच्या एफएमच्या जुन्या सवयीत ऐकणारीला काहीच खर्च नव्हता, एकदा रेडिओ घेतला की झालं. इंटरनेट रेडिओत प्रत्येक मिनिटाचे पैसे ऐकणारी देते. आणि किती द्यायचे हे तिच्या वतीने आपण ठरवतो. हा फरक सल्लागाराच्या अहवालात कुठेही नव्हता.

हिशोब करू. १२८ किलोबिटने एक तास ऐकलं तर ५७.६ एमबी खर्च होतात. रोज एक तास धरला तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. तेच २४ किलोबिटने ऐकलं तर तासाला १०.८ एमबी, महिन्याला ३२४ एमबी. पाचपटीहून अधिक फरक. आपल्या बाजूचा खर्चही तसाच. शंभर जणींनी एक तास ऐकलं तर आपल्या सर्व्हरवरून पहिल्या प्रकारात ५.७६ जीबी जातात, दुसऱ्यात १.०८ जीबी.

यावर लगेच उत्तर येतं, "आता डेटा स्वस्त आहे हो. दिवसाला दीड-दोन जीबी मिळतो, संपतसुद्धा नाही." कुणाचा संपत नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी सुमारे ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. देशाची सरासरी ही, तर डोंगराच्या कुशीतल्या वाडीची काय असेल याचा अंदाज करा. आमच्याकडे पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो दिवसभर नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. संध्याकाळी बाईच्या हाती येतो तेव्हा दिवसाचा डेटा क्रिकेट आणि सिनेमात संपलेला असतो, उरते ती रडतखडत चालणारी गती. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. मजुरी मिळाली तर रिचार्ज, नाही मिळाली तर मुदत संपते आणि फोन फक्त घड्याळ म्हणून उरतो. दिवसाला दीड जीबी हा शहरातल्या, स्वतःचा फोन असलेल्या, दर महिन्याला न चुकता रिचार्ज करणाऱ्या माणसाचा हिशोब आहे. तो बाईचा हिशोब म्हणून पुढे केला जातो याला माझा आक्षेप आहे.

पैशाइतकाच महत्त्वाचा आहे तो नेटवर्कचा प्रश्न. कर्जत स्टेशनात फोनला पूर्ण कांड्या असतात. भीमाशंकरच्या पायथ्याकडच्या वाडीत एकच कांडी, तीही उंबऱ्याबाहेर. इथे बारीक धारेचा एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. छोटी केंद्रं 'आईसकास्ट' नावाची फुकट, खुली प्रणाली वापरतात. ऐकणारी जोडली गेली की ही प्रणाली सुरुवातीलाच साधारण ६४ केबीचा साठा एकदम पाठवते, म्हणजे मध्ये नेटवर्क तुटलं तर त्या साठ्यावर आवाज चालू राहील. १२८ किलोबिटला हा साठा चार सेकंद पुरतो. २४ किलोबिटला जवळजवळ बावीस सेकंद. कर्जत-खोपोली लोकलने पळसदरी, केळवली, डोळवलीवरून जाणारी बाई असो की पाटी डोक्यावर घेऊन वाडी उतरणारी, चार सेकंद आणि बावीस सेकंद यांत ऐकू येणं आणि न येणं एवढा फरक आहे. ज्या आवाजाला 'उत्तम दर्जाचा' म्हणतात तो तुटत तुटत येतो, आणि 'कमी दर्जाचा' सलग येतो. मग उत्तम कोणता?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली. रस्ता नसलेली ठाकरांची वाडी, मदत करणाऱ्यांना पावसात चढून जावं लागलं. तिथे रेडिओ असता तर माणसं वाचली असती असं म्हणणं हा गेलेल्यांचा अपमान होईल, मी ते म्हणणार नाही. पण पावसाळ्यात डोंगरातल्या वाड्यांना काही सांगायचं तर ते सगळ्यांत अशक्त सिग्नलमधून जायला हवं, इतकं तरी आपण मान्य करायला काय हरकत आहे? जाड धार नेमकी त्याच रात्री बंद पडते.

हलका म्हणजे हलक्या दर्जाचा नव्हे

आता दुसऱ्या बाजूलाही बोलायला हवं, कारण ती बाजू आपल्यातच आहे. १२८ ला विरोध केल्यावर आमच्याच एका बैठकीत सूर निघाला, "वाडीवरच्या बायांना काय, कसाही आवाज चालतो. समजलं की झालं. सगळ्यांत स्वस्त असेल ते लावा." हे ऐकून मला सल्लागारापेक्षा जास्त राग आला. गरिबाला काहीही चालतं, या एका समजुतीवर रेशनचं किडकं धान्य, आश्रमशाळेतली पातळ डाळ आणि सरकारी दवाखान्यातली आखडलेली वागणूक उभी आहे. तीच समजूत आपण आवाजाला लावणार का?

मराठीत 'हलका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि सगळा घोटाळा त्यात आहे. वजनाने हलका आणि दर्जाने हलका. आम्हाला पहिला हवा, दुसरा नको. हे दोन्ही वेगळे करता येतात, पण त्यासाठी विचार करावा लागतो.

बाईच्या आवाजाला तर या बाबतीत जुना अनुभव आहे. टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा असं ठरलं. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं, असं मानलं गेलं. पण 'स', 'श', 'फ' या अक्षरांचा सळसळता भाग पुष्कळसा त्या पट्ट्याच्या वर असतो, आणि बायांच्या आवाजात तो आणखी वर. १९२७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या जे. सी. स्टाइनबर्ग यांनी बायांचं बोलणं पुरुषांपेक्षा समजायला अवघड का जातं याची चर्चा केली. दोष निघाला तो बाईच्या आवाजात. यंत्राचा पट्टा पुरुषाच्या गळ्याच्या मापाने कापला आणि बाई त्यात मावेना तेव्हा तिलाच किरट्या आवाजाची ठरवलं. २०२१ साली इंगो सीगर्ट आणि ऑलिव्हर नीबुर या संशोधकांनी पुन्हा हेच दाखवलं की, दाबून पाठवलेल्या आवाजात बायांच्या बोलण्याचा प्रभाव पुरुषांपेक्षा जास्त घटतो. म्हणजे 'कसाही चालतो' म्हणून आंधळेपणाने धार बारीक केली तर मार पहिल्यांदा बाईच्या आवाजाला बसणार.

हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नाही. एक उदाहरण देते. वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागायला साठ दिवसांची मुदत आहे. 'साठ दिवस' यातला 'स' खाल्ला गेला तर ऐकू येतं 'आठ दिवस'. ज्या बाईने 'आठ' ऐकलं आणि नवव्या दिवशी चौकशी केली, ती 'आता मुदत गेली' म्हणून घरी बसेल. एक अक्षर गेलं आणि तिच्या हातची जमीन गेली. आपल्या रेडिओची गुणवत्ता मोजायचीच असेल तर 'साठ' आणि 'आठ' वेगळे ऐकू येतात का, यावर मोजा. स्टिरिओवर नको.

सुदैवाने यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. २०१२ साली 'ओपस' नावाची आवाज दाबण्याची पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यावर कुणा कंपनीचं भाडं नाही. अँड्रॉइड फोनमध्ये पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ती आहे. आपण व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवतो ते याच पद्धतीने जातात, त्यामुळे आमच्या बायांच्या कानाला ती ओळखीचीच आहे. एका वाहिनीवर, म्हणजे मोनोमध्ये, २४ किलोबिटला ओपस बोलण्याचा जो पट्टा नेते तो टेलिफोनच्या दुपटीहून मोठा आहे. 'स' शाबूत राहतो. जुन्या टू-जी फोनवरचं बोलणं तर १२-१३ किलोबिटमध्येच जातं. आई आणि सासरी गेलेली लेक इतकी वर्षं तेवढ्यावर सुखदुःख बोलत आल्या. आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट देत आहोत, आणि अधिक चांगल्या पद्धतीने. हलकं आणि तरीही नीट, ते हेच.

आणि स्टिरिओ कशाला? डावा आणि उजवा कान वेगळा ऐकवायचा तर दोन वाहिन्या लागतात. फडताळावर ठेवलेल्या फोनच्या एका भोकातून ऐकणाऱ्या पाच जणींना त्याचा काय उपयोग? स्टिरिओ शोभतो तो सिनेमाच्या गाण्यांना. ती आपण वाजवणार नाही, आणि सहजी वाजवताही येणार नाहीत. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवलं की, रेडिओला कायद्याने मिळणारा ठरावीक दराचा परवाना इंटरनेटवरच्या अशा सेवांना लागू होत नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही ते कायम केलं. मग जे वाजवायचंच नाही त्याच्या मापाचा कपडा बायांच्या अंगावर का चढवायचा?

परीक्षा कुठे घ्यायची

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला 'गरजांचं मूल्यमापन' हा विषय होता. तक्ते, प्रश्नावल्या, सगळं शिकवलं. ज्यांची गरज आहे त्यांनी स्वतः मापायचं असतं, हे मात्र वाड्यांवर येऊनच शिकायला मिळालं. सल्लागाराने आवाजाची परीक्षा कार्यालयात घेतली होती. वातानुकूलित खोली, कानावर महागडे हेडफोन, भिंतीतून येणारं इंटरनेट. तिथे १२८ आणि २४ मधला फरक ऐकू येणारच.

आम्ही तीच ध्वनिमुद्रणं एका वाडीवर नेली. एक घर, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, चूल पेटलेली, मुलं आत-बाहेर. एक जुना फोन, काच तडकलेली. एकच बोलणं आणि एकच गाणं तीन तऱ्हांनी ऐकवलं, कोणतं कितीचं ते न सांगता. बोलण्यात बायांना तिन्हींत काही फरक जाणवला नाही. गाण्यात जाणवला. ढोल आणि पाच-सहा जणींचा एकत्र गळा २४ किलोबिटला चिरकत होता. एक म्हातारी म्हणाली, "बाय, बोलनं नाय फाटत, गानं फाटतंय." तांत्रिक अहवालाची पंचवीस पानं या एका वाक्यात मावली. ४८ किलोबिटला गाणं फाटेना. मग बायांनीच ठरवलं : बोलायला बारीक धार, गाण्याला थोडी जाड. गाण्याची फाइल वेगळी ठेवायची, नेटवर्क असेल तिथे उतरवून घ्यायची आणि मग वाडीवर सगळ्यांनी मिळून ऐकायची. हा निर्णय अर्ध्या तासात झाला. कारण पैसे कुणाचे जाणार आणि कान कुणाचे, दोन्ही त्यांना माहीत होतं.

पैसे कुठे घालायचे

धार बारीक ठेवल्याने वाचलेले पैसे बोलणारीच्या तोंडाशी घाला, असं माझं म्हणणं आहे. मुळात मुद्रण खराब असेल तर १२८ काय आणि ३२० काय, खराब आवाजच जाड धारेने जाईल. उलट पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमारा यांवरही आकडे खर्च होतात, ते बोलण्याच्या वाट्यातून कापले जातात. म्हणून बरा माइक घ्या. तो तोंडापासून वीतभर, थोडा तिरका धरा, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना फटका बसणार नाही. पत्र्याच्या खोलीत मुद्रण करायचं असेल तर भिंतींना गोधड्या टांगा. घुमारा मारायला गोधडीसारखं स्वस्त काही नाही. पंखा बंद. आकडे आणि तारखा दोनदा सांगा : साठ दिवस, सहावर शून्य, म्हणजे दोन महिने. १८१ हा महिला मदतीचा क्रमांक एकेक अंक सुटा म्हणा.

आणि एक गोष्ट अगदी आग्रहाने. पाठवायचं हलकं, पण जपून ठेवायचं पूर्ण वजनाचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. लिहून घेतलेल्यांच्या मानाने आवाजासकट मुद्रित झालेल्या फार थोड्या. २०१७ पासून 'पारी'च्या माध्यमातून त्या लोकांपुढे येत आहेत, आणि ज्यांचं मुद्रण झालं त्या बायांचा गळा आज आपल्याला ऐकू येतो. बाकीच्यांचे शब्द उरले, गळा गेला. कातकरी बोलीत बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचं तेच होऊ द्यायचं का? दाबलेल्या आवाजातून गेलेलं परत आणता येत नाही. न दाबलेलं मुद्रण, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, तासाला ३४६ एमबी जागा घेतं. शंभर तासांना ३५ जीबी. ६४ जीबीच्या एका कार्डात शंभर तासांचं बोलणं-गाणं राहतं, दुसऱ्या कार्डात त्याची प्रत. पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल तेव्हा तिला आज आपण डेटा वाचवत होतो म्हणून चिरका आवाज ऐकावा लागू नये.

'स्वच्छ आवाज' कुणाचा?

सल्लागाराच्या अहवालात शेवटी एक ओळ होती. निवेदिकेचा आवाज 'स्वच्छ' असावा, आणि सुरुवातीला कर्जत किंवा खोपोलीच्या कॉलेजातल्या मुली घ्याव्यात. पहा, दर्जाची गोष्ट यंत्रापासून सुरू झाली आणि बाईच्या तोंडापर्यंत येऊन पोचली. १९२७ मध्ये झालं तेच. 'न'चा 'ण' करणारी मुलगी स्वच्छ, आणि जन्मभर चुलीचा धूर खाऊन जिचा गळा बसलाय ती अस्वच्छ. कॉलेजातल्या मुलींना माझा विरोध नाही, त्यांनी जरूर यावं, यंत्र चालवायला शिकावं आणि शिकवावं. पण वाडीवरची बाई रेडिओवर 'गानं' म्हणाली तर ते मुद्रणातला दोष म्हणून कापलं जाणार असेल, तर हा रेडिओ आमचा नव्हे. संगम रेडिओ चालवणाऱ्या दलित बायांनी आपल्या भागाच्या तेलुगू बोलीतच कार्यक्रम केले, म्हणून तो त्यांचा राहिला.

ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोचतच नाही त्यांचं काय, हा प्रश्न तरीही उरतो. बटणांचा साधा फोन असलेल्या आणि फक्त बोलण्याचा रिचार्ज मारणाऱ्या बाया आमच्याकडे पुष्कळ आहेत. छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वरा'ने दाखवून दिलं की, मिस कॉल द्यावा, उलट फोन येतो, आणि त्यावर ऐकताही येतं, बोलताही येतं. त्यात खर्च केंद्राचा, ऐकणारीचा नाही. मारहाण सहन करणाऱ्या बाईला तर पानं उघडून ऐकण्यापेक्षा हे सोयीचं. पण इथेही सावध राहायला हवं. नवरा फोन तपासतो, तेव्हा उलट फोन कधी यावा हे तिने ठरवलं पाहिजे. बारीक धार आणि हा फोन मिळूनच आमचा रेडिओ पुरा होईल.

तेव्हा आमची भूमिका अशी :

१. दर्जा ठरवताना सगळ्यांत जुना फोन, सगळ्यांत अशक्त नेटवर्क आणि सगळ्यांत कमी रिचार्ज असलेली बाई हे माप धरावं.

२. नेहमीची धार २४ किलोबिट, ओपस, मोनो. जुन्या फोनवर ओपस चालत नसेल तर ४८ किलोबिट एमपी-थ्री मोनोची दुसरी धार. पान उघडल्यावर आपोआप सुरू होईल ती हलकी. जाड हवी असेल त्याने बटण दाबावं. गरीब बाईला हलकी शोधत फिरायला लागू नये.

३. गाणी ४८ किलोबिटला, उतरवून घेता येतील अशी.

४. मूळ मुद्रण न दाबता जपावं, त्याच्या दोन प्रती असाव्यात, आणि त्यातली एक त्या त्या वाडीच्या गटाकडे असावी.

५. प्रत्येक कार्यक्रम प्रसारणाआधी वाडीवरच्या फोनवर ऐकावा. 'साठ' चा 'आठ' ऐकू आला तर तो पुन्हा मुद्रित करावा.

६. बोलीवरून, वयावरून, बसलेल्या गळ्यावरून कुणालाही माइकपासून दूर ठेवू नये.

मदत करणाऱ्या संस्थेला हे सगळं लिहून कळवलं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. 'दर्जाशी तडजोड' करणाऱ्यांना पैसे द्यायचे की नाही असा विचार तिथे चालू असल्याचं कानावर येतं. दिले नाहीत तर माइक वर्गणीतून घेऊ आणि मुद्रणं कार्डावर घालून वाडीवाडीत वाजवू. संगम रेडिओच्या बायांनी परवान्याची वाट पाहताना ध्वनिफितींवर हेच केलं होतं.

इतर जिल्ह्यांतल्या गटांना विनंती आहे. तुमच्याकडे असं काही चालू असेल, किंवा असाच अहवाल कुणी तुमच्या हाती दिला असेल, तर तो घेऊन एकदा वस्तीवर जा. बायांना ऐकवा, त्या काय म्हणतात ते लिहून घ्या आणि या अंकाच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.